प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. नमुना पोहोचवणार कोण?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी जबलपूरमधील एका रुग्णालयाच्या संशोधन कार्यालयात काम करीत होतो. कार्यालय पहिल्या मजल्यावर होते. त्याचा आवक-जावक विभाग मात्र तळमजल्यावर, जिन्याखालच्या जागेत होता. विभाग म्हणजे एक टेबल, दोन जाडजूड नोंदवह्या, एक वजनकाटा, चिकटपट्टीची रिळे आणि भिंतीलगत रचून ठेवलेले थर्मोकोलचे रिकामे डबे. हे सारे सांभाळणारे लिपिक निवृत्तीला आले होते. त्यांना सगळे ‘बडे बाबू’ म्हणत. त्या हाकेत आदर होता, पण त्यांच्या कामाला संशोधनाचा भाग मानण्याइतका तो मोठा नव्हता. प्रकल्पाच्या अहवालात सांख्यिकीतज्ज्ञाचे नाव येई, प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचे येई, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिकेचेही कधी कधी येई. बडे बाबूंचे नाव मी कोणत्याही अहवालात पाहिले नाही.

त्या टेबलावरून दिवसभरात काय काय जाई, हे आठवले तरी संशोधन नावाच्या व्यवहाराचे खरे स्वरूप ध्यानात येते. नैतिकता समितीपुढे ठेवायच्या प्रस्तावांच्या प्रती, प्रायोजकाशी झालेले करार, रुग्णांची भरलेली नोंदपत्रे, चाचणीतील औषधांच्या सीलबंद पेट्या, उरलेल्या गोळ्यांची परतपाठवणी आणि या सगळ्यांबरोबर रक्त, रक्तद्रव, थुंकी यांचे नमुने. प्रत्येकाला जावक क्रमांक, प्रत्येकाची पावती, प्रत्येकाची पोच. आज औषधचाचणीतील रुग्णाला गंभीर अपाय झाला, तर २०१९ च्या नियमांनुसार संशोधकाने २४ तासांच्या आत तो कळवणे आणि १४ दिवसांच्या आत सविस्तर अहवाल देणे बंधनकारक आहे. कळवले की नाही, आणि केव्हा, हा वाद उद्भवला म्हणजे पुरावा कशाचा पाहिला जातो? पाठवणीच्या नोंदीचा. म्हणजे ज्या टेबलाला आपण हमालीची जागा समजतो, तिथे संशोधनाची कायदेशीर स्मृती जपली जात असते.

कागद उशिरा पोहोचला तर तो निदान वाचता तरी येतो. नमुन्याचे तसे नाही. रुग्णाचे रक्त किंवा थुंकी विमानाने पाठवायची, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिचे वर्गीकरण करावे लागते. निदानासाठी पाठवलेले बहुतेक नमुने ‘ब’ वर्गात येतात आणि त्यांच्या खोक्यावर चौकटीत ‘यूएन ३३७३’ हा क्रमांक लागतो. क्षयजंतूंची प्रयोगशाळेत वाढवलेली जिवंत पैदास पाठवायची असेल तर ती ‘अ’ वर्गात जाते आणि तिचे नियम कितीतरी कडक होतात. एकाच रोगाची थुंकी एका वर्गात आणि तिच्यापासून वाढवलेले जंतू दुसऱ्या वर्गात. हा फरक टेबलावर बसलेल्या माणसाला ठाऊक असावा लागतो. नळी गळती न होणारी हवी, ती गळती न होणाऱ्या दुसऱ्या डब्यात हवी, दोहोंच्या मध्ये सगळा द्रव शोषून घेईल इतका कापूस किंवा शोषक कागद हवा, आणि त्यावर बाहेरचे टणक खोके हवे. बंद खोके १.२ मीटर उंचीवरून पडले तरी आतली नळी फुटता कामा नये. आत ड्राय आइस असेल तर त्याचे वजन बाहेर लिहायचे आणि वायू बाहेर पडायला वाट ठेवायची. हवाबंद केलेला ड्राय आइसचा डबा फुटू शकतो. नुसते थंड ठेवायचे रक्त बर्फाला थेट चिकटून गोठले तर त्यातील पेशी फुटतात. म्हणजे बर्फ कमी पडला तरी नमुना जातो आणि चुकीच्या जागी पडला तरी जातो.

बडे बाबूंना यातले बरेचसे अनुभवाने माहीत झाले होते, कोणी शिकवले म्हणून नव्हे. त्यांचा एक नियम होता. शुक्रवारी दुपारनंतर आलेला नमुना ते पाठवत नसत. प्रयोगशाळेच्या शीतकपाटात ठेवून सोमवारी सकाळी खोके बांधत. “शुक्रवारी रक्त पाठवायचे नसते, साहेब. शनिवारी घेणारा नसतो, रविवारी कोणीच नसतो आणि बर्फाला सुटी ठाऊक नसते,” असे ते म्हणत. हा नियम कोणत्याही कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत लिहिलेला नव्हता.

तो मोडला गेला एका मे महिन्यात, आणि मोडणारा मी होतो. डिंडोरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आठ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले होते. मुलीला वारंवार सांधेदुखी आणि ताप येई. सिकलसेलचा संशय होता. आजाराचा नेमका प्रकार कळण्यासाठी तिघांच्याही रक्ताची तपासणी आवश्यक होती आणि त्या काळी आमच्या प्रकल्पातील खात्रीची तपासणी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होई. बडे बाबू रजेवर होते. दिवस शुक्रवारचा होता. प्रकल्पाची मुदत संपत आलेली असल्याने मला घाई होती. मी स्वतः डबा बांधला, खासगी कुरिअरच्या खिडकीवर नेला आणि पावती घेऊन निर्धास्त झालो. डब्यातल्या बर्फाची उमेद फार तर दीड दिवसाची होती. डबा मंगळवारी पोहोचला. मधले दिवस तो कुठल्या गोदामात होता ते कळले नाही; बाहेरचे तापमान त्या आठवड्यात ४३ अंशांच्या वर होते. आठ दिवसांनी उत्तर आले : ‘रक्तपेशी विघटित. नमुना तपासणीस अयोग्य.’

आम्ही त्या कुटुंबाला पुन्हा बोलावले. निरोप गेला, पण ते आले नाहीत. पहिल्या वेळी वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती, वर बसभाडे, वर शहरातला खर्च. ‘रक्त नेले आणि उत्तर दिले नाही,’ एवढाच अर्थ त्यांच्यापाशी उरला असणार. पुढे त्या गावातून आमच्या अभ्यासात कोणीच आले नाही. त्या वर्षीच्या अहवालात मी ही घटना एका ओळीत नोंदवली : ‘तीन नमुने तांत्रिक कारणास्तव वगळले.’ ती ओळ खरी होती, आणि तिच्याइतके खोटे मी दुसरे काही लिहिलेले नाही.

ही गोष्ट इतक्या वर्षांनी सांगण्याचे कारण केवळ पश्चात्ताप नाही. ती जिथे घडली त्या प्रदेशाचा आरोग्यविचार आज राष्ट्रीय कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आहे. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती, त्याच प्रांतातले जबलपूर हे मोठे शहर. मंडला, डिंडोरी, शहडोल हे गोंड आणि बैगा वस्तीचे जिल्हे त्याच्या पूर्वेला पसरलेले आहेत. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था १९८४ मध्ये जबलपूरलाच स्थापन झाली. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ केला, तोही शहडोलमधून. १७ राज्यांतील आदिवासीबहुल भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. विदर्भातील गडचिरोली आणि खानदेशातील नंदुरबार यांच्या दृष्टीने ही मोहीम किती जिव्हाळ्याची आहे, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

सात कोटी तपासण्या म्हणजे बोटाला सात कोटी टोचण्या. त्यांतील बहुसंख्य तपासण्या गावातच होतील आणि तिथेच संपतील. परंतु ज्यांची प्राथमिक तपासणी संशयास्पद निघेल, त्यांच्यापैकी मोठ्या संख्येच्या रक्ताला खात्रीसाठी उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, कधी त्याही पुढे प्रवास करावा लागेल. या प्रवासाचे नियोजन कोणाकडे आहे, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते : ‘पाठवतो कोणीतरी.’ हा ‘कोणीतरी’ कधी आरोग्यसेवक असतो, कधी रुग्णवाहिकेचा चालक, कधी एसटीच्या किंवा खासगी बसच्या वाहकाच्या हाती दिलेला डबा, आणि पुष्कळदा रुग्णाचा नातेवाईकच.

नमुना वेळेवर आणि शाबूत पोहोचला तर काय साधते, याची उदाहरणे आपल्याच भूमीत आहेत. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या दोन रुग्णांचे रक्त पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात पोहोचले आणि त्यातून एक नवा विषाणू सापडला. त्या वस्तीचे नाव जगाच्या विषाणुशास्त्रात कायमचे नोंदले गेले. त्या वेळी तो शोध केवळ शास्त्रीय कुतूहलाचा वाटला असेल. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा या विषाणूचीच ओळख कामी आली. ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान झाले, तेही केरळमधून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत आलेल्या नमुन्यावरून. २००१ मध्ये सिलिगुडीत पसरलेल्या गूढ तापाचे कारण निपाह विषाणू होते, हे अनेक वर्षांनी जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून सिद्ध झाले. नीट जपलेला नमुना उशिरा का होईना उत्तर देतो. बिघडलेला नमुना कधीच देत नाही.

असे असूनही आपली धोरणभाषा प्रयोगशाळांच्या संख्येवर थांबते. कोविडच्या काळात हे विशेष जाणवले. मध्य प्रदेशातील पहिले चार रुग्ण २० मार्च २०२० रोजी जबलपूरमध्येच आढळले होते. त्यानंतर आपण रोज किती प्रयोगशाळा वाढल्या, किती यंत्रे आली, दिवसाला किती चाचण्या होऊ शकतात याचे आकडे वाचत होतो. ती वाढ खरोखर मोठी होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु क्षमता मोजताना यंत्राची मोजली गेली. यंत्रापाशी नमुना किती तासांनी आणि कोणत्या अवस्थेत येतो, हे मोजले गेले नाही. इमारतीचे उद्घाटन करता येते, यंत्रासमोर छायाचित्र काढता येते. वेळेत पोहोचलेल्या खोक्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, आणि न पोहोचलेल्याचे तर नाहीच.

यातून होणारे नुकसान दोन प्रकारचे आहे. पहिले रुग्णाचे, ते वर सांगितले. दुसरे ज्ञानाचे, आणि ते अधिक गंभीर आहे, कारण ते दिसत नाही. नमुने सरसकट बिघडत नाहीत. ते दूरच्या गावांचे अधिक बिघडतात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अधिक बिघडतात, रस्ता नसलेल्या पाड्यांचे सर्वांत जास्त बिघडतात. अभ्यासातून ‘तांत्रिक कारणास्तव वगळलेले’ नमुने म्हणजे नेमके तेच लोक, ज्यांच्यासाठी अभ्यास हाती घेतला होता. उरलेल्या नमुन्यांवरून आपण जो आकडा काढतो तो डांबरी रस्त्यालगतच्या गावांचा असतो, आणि त्याला आपण जिल्ह्याचा आकडा म्हणतो. मध्य प्रदेशाच्या वायव्येकडील सहरिया समाजात क्षयाचे प्रमाण आजूबाजूच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी अधिक आढळले आहे. थुंकीचा नमुना उन्हात दोन-तीन दिवस राहिला तर त्यात इतर जंतू माजतात आणि क्षयजंतूंची पैदास हाती लागत नाही. ज्या पाड्यावर क्षय सर्वाधिक, तिथूनच ‘निष्कर्ष नाही’ असे उत्तर सर्वाधिक येत असेल, तर त्या उत्तराला आपण शास्त्र म्हणायचे की भूगोल?

हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, हे गेल्या काही वर्षांत आपणच दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये दिल्लीतील करावल नगर भागात क्षयरोग कार्यक्रमाने टपाल खात्याची मदत घेतली आणि प्रशिक्षित टपाल कर्मचाऱ्यांनी थुंकीचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचवण्याचा प्रयोग केला. २०२० च्या टाळेबंदीत आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि टपाल खाते यांनी हातमिळवणी केली. १६ प्रादेशिक कोठारांतून चाचणीसंच देशभरातील सुमारे २०० अतिरिक्त प्रयोगशाळांना पोहोचवण्याचे काम टपाल खात्याने अंगावर घेतले. रेल्वे आणि विमाने थांबलेली असताना टपालाच्या गाड्या धावत होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपूरमध्ये ड्रोनद्वारे लस पोहोचवली गेली. विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयापासून लोकताक सरोवरातील करांग बेटापर्यंत रस्त्याने २६ किलोमीटरचा पल्ला हवेतून १५ किलोमीटरचा झाला आणि तो १२ ते १५ मिनिटांत कापला गेला.

आपल्यापेक्षा गरीब देशांनी तर याची व्यवस्थाच उभारली आहे. युगांडात गेल्या दशकाच्या आरंभी नवजात बालकांच्या एचआयव्ही तपासणीसाठी ‘केंद्र आणि परिसर’ पद्धत सुरू झाली. एका केंद्राभोवतीच्या तीस-चाळीस किलोमीटरमधील दवाखाने मोटारसायकलस्वाराने ठरलेल्या दिवशी फिरायचे, नमुने केंद्रावर आणायचे आणि तिथून टपाल सेवेने राजधानीतल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. परतीच्या फेरीत निकाल आणायचे. स्वाराला प्रशिक्षण, वाहनाला ठरावीक मार्ग आणि प्रत्येक डब्याची नोंद. या व्यवस्थेत चमकदार असे काहीच नाही. ती चालते कारण कोणीतरी तिचा धनी आहे.

आपल्याकडे टपाल खात्यापाशी दीड लाखाहून अधिक कार्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. जबलपूरला तर टपालाचा वारसाच आहे. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० मध्ये जबलपूरला येऊन मिळाल्या आणि मुंबई ते कलकत्ता हा सलग लोहमार्ग तयार झाला. मुंबई बंदरात उतरलेली विलायती टपाल याच वाटेने पूर्वेला जाऊ लागली. दीडशे वर्षांपूर्वी साम्राज्याची पत्रे वेळेवर पोहोचावीत म्हणून जी शिस्त या देशात उभी राहिली, तीच शिस्त डिंडोरीच्या मुलीच्या रक्तासाठी का उभी राहू नये?

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, आता गावातच निकाल देणारे चाचणीसंच आले आहेत, मग नमुना हलवायचाच कशाला? हे संच उपयुक्तच आहेत आणि प्राथमिक चाळणीसाठी त्यांना पर्याय नाही. परंतु चाळणीनंतरची खात्री, औषधाला जंतू दाद देतात की नाही याची परीक्षा, नव्या विषाणूची ओळख ही कामे मोठ्या प्रयोगशाळेशिवाय होत नाहीत. शिवाय गावातल्या संचांचा दर्जा तपासण्यासाठीही काही नमुने वर पाठवावेच लागतात. दुसरा आक्षेप असा की, खासगी कुरिअर हे काम करीत आहेतच. मोठ्या शहरांदरम्यान ते उत्तम करतात, यात शंका नाही. मात्र जिथे दिवसाला एकच डबा निघतो तिथे त्यांना व्यवसाय नाही, आणि व्यवसाय नसलेल्या ठिकाणी जाण्याचे बंधनही त्यांच्यावर नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याला उत्तर द्यायचे तर वाया गेलेल्या नमुन्याचा खर्च आधी मांडावा लागेल : परिचारिकेचा दिवस, नळी, संच, रुग्णाची मजुरी आणि पुन्हा न येणारा विश्वास. हा हिशेब आपण कधी केलेलाच नाही, म्हणून वाहतूक महाग वाटते.

काय करावे, हे सांगायला मोठ्या समितीची गरज नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि संशोधन संस्थेच्या कार्यालयात नमुने व टपाल यांची जबाबदारी असलेले एक स्वतंत्र, प्रशिक्षित पद असावे. धोकादायक वस्तूंच्या हवाई वाहतुकीचे नियम दर दोन वर्षांनी प्रशिक्षणाचे नूतनीकरण अपेक्षितात; त्या प्रशिक्षणाला वरिष्ठ शास्त्रज्ञाऐवजी खोके प्रत्यक्ष बांधणारा माणूस पाठवला जावा. संशोधनाला अनुदान देताना वाहतुकीचा खर्च वेगळ्या शीर्षकाखाली मंजूर व्हावा. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकल्पांत तो ‘आकस्मिक खर्चा’त दडलेला असे, ज्या गोष्टीवाचून प्रकल्प चालूच शकत नाही, ती आकस्मिक कशी?

तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड आहे. प्रत्येक सार्वजनिक प्रयोगशाळेने दरमहा नाकारलेल्या नमुन्यांची संख्या, नाकारण्याचे कारण आणि ते कोणत्या जिल्ह्यातून आले, हे प्रसिद्ध करावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. जी नोंद आज वहीत आहे ती उघड करावी लागते. एकदा हा आकडा जिल्हाधिकाऱ्याच्या मासिक बैठकीत वाचला जाऊ लागला, की डबे आपोआप वेळेवर निघू लागतील. चौथी गोष्ट टपाल खात्याची. १८९८ च्या टपाल कायद्यात घातक आणि अपायकारक पदार्थ टपालाने पाठवण्यास मनाई होती. तो कायदा आता इतिहासजमा झाला असून १८ जून २०२४ पासून नवा टपाल कायदा लागू आहे. संकटकाळातील तात्पुरत्या करारांच्या जागी आरोग्य मंत्रालय आणि टपाल खाते यांच्यात कायमचा करार व्हायला ही वेळ योग्य आहे. नीट बांधलेला निदानाचा नमुना कोणत्या टपाल कार्यालयात, कोणत्या वेळेपर्यंत स्वीकारला जाईल आणि किती तासांत पोहोचेल, हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला आणि उपकेंद्रातल्या परिचारिकेला सारखेच ठाऊक असले पाहिजे. सुरुवात सिकलसेल मोहिमेच्या जिल्ह्यांपासून करता येईल. वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचे कागद साध्या लिफाफ्यातून जाऊ शकतात आणि त्यांना बर्फ लागत नाही. १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बालकांच्या तपासणीसाठी रूढ केलेली ही पद्धत टपालाच्या भरवशावरच जगभर पसरली.

आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार जैविक नमुन्यावर मालकी तो देणाऱ्या व्यक्तीची असते. संस्था केवळ विश्वस्त असते. हे वाक्य मी अनेक परिसंवादांत ऐकले आहे आणि दर वेळी त्यावर चर्चा झाली ती संमतिपत्राच्या भाषेची. संमतिपत्रावर अंगठा घेतल्यानंतर त्या रक्ताचा जो प्रवास सुरू होतो, त्याविषयी मी तिथे एकही प्रश्न ऐकला नाही. विश्वस्ताच्या हातून ठेव वाटेत नासली तर तो मालकाला उत्तर देणे लागतो. आम्ही डिंडोरीच्या त्या कुटुंबाला कोणते उत्तर दिले? पुन्हा या, एवढेच.

बडे बाबू रजेवरून परतल्यावर मी त्यांना झाला प्रकार सांगितला. ते रागावले नाहीत. त्यांनी जावक नोंदवही उघडली, शुक्रवारच्या त्या नोंदीसमोर लाल शाईने ‘नमुना अयोग्य’ असे लिहिले आणि खाली तारीख घातली. नंतर वहीची मागची पाने उलटून त्यांनी मला दाखवली. जिथे जिथे नमुना वाया गेला होता तिथे तशीच लाल ओळ होती. वर्षे, गावे, कारणे, सगळे त्यात होते. त्यांना ती नोंद ठेवायला कोणी सांगितले नव्हते, आणि इतक्या वर्षांत ती पाहायला कोणी मागितलीही नव्हती. देशातल्या शेकडो आवक-जावक टेबलांवर अशा वह्या असतील. सात कोटी लोकांच्या रक्ताला हात लावण्यापूर्वी सरकारने निदान त्या मागवून वाचाव्यात.